बाळंतिणीचं दुखणं: कोणतं घरी सांभाळायचं, कोणतं दवाखान्यात न्यायचं
(या महिन्याचा आरोग्य पाठ – गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



मागच्या दोन महिन्यांत बैठकांना फिरताना एक गोष्ट लक्षात आली. बाळंतपणाचा विषय निघाला की सगळ्या बोलायला लागतात. कुणी म्हणतं, "आमच्याकडे बाळंतशेपा आणि ओवा." कुणी म्हणतं, "निर्गुडीच्या पाल्याशिवाय कंबर सुटतच नाही." कोकणातून लग्न होऊन आलेली ताई कुळथाचं कढण सांगते, मराठवाड्यातली डिंकाचे लाडू सांगते. आजींकडे तर अख्खा बटवाच असतो. ही माहिती आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात तिथल्या बायकांचं झाडापाल्याविषयीचं असंच ज्ञान नोंदवून ठेवलं आहे. त्यामुळे हे ज्ञान अडाणीपणाचं आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पण याच बैठकांत दुसरं एक वाक्यही खूप वेळा ऐकलं: "बाळंतिणीला दुखणारच की. त्यात काय एवढं?" या वाक्याची मला भीती वाटते. बाळंतिणीचं प्रत्येक दुखणं सारखं नसतं. काही दुखणं अंग पूर्ववत होण्याचं असतं, त्याला शेक आणि ओव्याचं पाणी पुरतं. काही दुखणं म्हणजे आत काहीतरी बिघडल्याची खूण असते, आणि तिथे काढा करत बसलं तर वेळ जातो. दोन्हींतला फरक ओळखणं हाच आजचा पाठ.

१. पोटात कळा का येतात?

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवस ओटीपोटात कळा येतात. आपण म्हणतो वायगोळा उठला, वात भरला. आयुर्वेदात याला मक्कल्ल म्हणतात. म्हणजे हे दुखणं जुन्या वैद्यांनाही चांगलं माहीत होतं.

बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भपिशवी साधारण एक किलो वजनाची असते. सहा आठवड्यांत ती आकसून साठ-सत्तर ग्रॅमची होते. आकसताना ती आवळते, म्हणून कळ येते. ही कळ कामाची आहे. पिशवी आवळली की वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि अंगावरून जाणं कमी होतं.

बाळ अंगावर प्यायला लागलं की कळ वाढते, हे तुम्ही अनुभवलं असेल. बाळाच्या चोखण्याने आईच्या शरीरात एक संप्रेरक सुटतं. त्याने दूधही उतरतं आणि पिशवीही आवळते. म्हणून कळ येते म्हणून पाजणं थांबवायचं नाही. पहिलटकरणीला ही कळ कमी जाणवते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त. "पहिल्या वेळी तर असं नव्हतं दुखलं," असं म्हणून घाबरू नये.

या कळा येतात आणि जातात. दोन-तीन दिवसांत कमी होतात, आठवड्याभरात थांबतात. ताप नसतो, वास नसतो, पोट दाबल्यावर असह्य दुखत नाही. असं असेल तर घरचे उपाय जरूर करा.

२. घरचे उपाय: काय करावं आणि कसं करावं

*आधी लघवी.* या उपायाला पैसा लागत नाही, आणि बहुतेक घरांत तो सांगितला जात नाही. मूत्राशय भरलेलं असलं की पिशवीला नीट आवळता येत नाही, कळाही वाढतात आणि रक्तस्रावही. दर दोन-तीन तासांनी, आणि पाजायला बसण्याआधी, लघवीला जाऊन यायचं. शौचालय लांब असेल तर घरच्यांनी सोबत जावं, रात्री बॅटरी धरावी.

*शेक.* गरम पाण्याची पिशवी, किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची सुती कापडात बांधलेली पुरचुंडी. कंबरेला आणि ओटीपोटाला पंधरा-वीस मिनिटं. आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायची. सिझर झालं असेल तर टाक्यांवर शेक द्यायचा नाही, आणि कंबरेतल्या भुलीमुळे पाय बधिर असेपर्यंत कुठेच शेक द्यायचा नाही. चटका बसला तरी तिला कळत नाही.

*ओवा आणि बाळंतशेपा.* दोन्ही अर्धा-अर्धा चमचा घेऊन दोन पेले पाण्यात उकळायचं, निम्मं झालं की गाळून कोमट प्यायचं. पोट फुगणं आणि गॅस याने कमी होतो. जेवणानंतर भाजलेला ओवा-शेपा चावून खाल्ला तरी चालतो. सिझर झालेलीने दवाखान्यात तोंडाने खायला परवानगी मिळाल्यावरच हे सुरू करावं.

*सुंठ.* सुंठ, गूळ आणि तूप यांची लहान सुपारीएवढी गोळी सकाळी. आलं आणि सुंठ यांनी पाळीच्या कळा कमी होतात, हे अभ्यासातही दिसलं आहे. पण जास्त घेतली की पोटात जळजळ होते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

*निर्गुडीचा पाला.* आंघोळीच्या पाण्यात उकळून, किंवा पानं तव्यावर गरम करून कंबरेला आणि पाठीला बांधून. हा उपाय फक्त बाहेरून करायचा, पिण्यासाठी नाही.

*तेल लावणं.* तिळाचं किंवा खोबरेल तेल, पाठीला, कंबरेला, खांद्यांना. सिझर झालं असेल तर पोटाला लावायचं नाही. बाईचं पोट जोरात दाबून "पिशवी जागेवर बसवणं" बंद करायला हवं. पिशवी आपली आपण जागेवर जाते. पोटाला सुती लुगडं बांधलं तर आधार वाटतो, ते चालेल, पण श्वास घेता आला पाहिजे इतकं सैल.

*डिंक, अळीव, मेथी, खारीक, खोबरं.* हे औषध म्हणून कमी आणि अन्न म्हणून जास्त उपयोगाचं आहे. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, वरून पाजायचं असतं, तेव्हा भूक भागवणारं आणि ताकद देणारं अन्न लागतंच. अळिवाची खीर, डिंकाचा लाडू द्या, पण त्याबरोबर डाळ, पालेभाजी, अंडं किंवा मासळी, फळही द्या. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिने गूळ-तुपाचे लाडू किती खायचे ते विचारून घ्यावं. मेथीने साखर उतरते, म्हणून साखरेची गोळी घेणाऱ्या बाईने मेथीचे लाडू सांभाळून खावे. आणि लाडू चालू आहेत म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाळंतपणानंतर लोहाची गोळी १८० दिवस रोज, आणि कॅल्शियम सहा महिने. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये काही तास जाऊ द्यावेत. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

*बाळंतकाढा आणि दशमूळ.* दशमूळ म्हणजे दहा झाडांची मुळं: बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू. पिढ्यान् पिढ्या वापरात असलेलं औषध आहे. पण तीन गोष्टी बघा. बाटली सीलबंद आणि परवाना क्रमांक छापलेली असावी. 'अरिष्ट' प्रकारच्या औषधात आंबवताना थोडा मद्यार्क तयार होतो, म्हणून ठरलेल्या मापानेच घ्यावं. आणि रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. बाजारात बसलेल्या अनोळखी माणसाची बिननावाची पुडी अजिबात नको. काही भस्मांत शिसं आणि पारा असू शकतो, आणि ते आईला आणि दुधातून बाळालाही त्रासदायक ठरतं.

*टाक्यांचं दुखणं.* खालच्या टाक्यांना पहिल्या दिवशी थंड ओल्या स्वच्छ कापडाची घडी. नंतर कोमट पाण्याच्या स्वच्छ टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं. पुसताना पुढून मागे. कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचं. आडोशाला, ओलसर जागी नको.

हे सगळं करूनही दुखत असेल तर वेदनेची साधी गोळी घेणं हा गुन्हा नाही. पॅरासिटामॉलसारखी गोळी पाजणाऱ्या आईला चालते. एएनएम ताईंना किंवा डॉक्टरांना विचारून घ्या. "गोळीने दूध आटतं" म्हणून बाईला कण्हत ठेवू नका.

३. या रीती मात्र सोडून देऊ या

*योनीमार्गात काहीही ठेवणं.* औषधाची पुरचुंडी, राख, तंबाखू, पाला, तेलाचा बोळा – काहीच नाही. वार सुटलेली जागा आत उघड्या जखमेसारखी असते. त्यातून जंतू थेट रक्तात जातात.

*बंद खोलीत शेगडी.* बाजेखाली निखारे, वर ओवा-शेपा-वेखंडाची धुरी, दारं-खिडक्या बंद. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. बाळाला तर आणखी लवकर बाधतो. उब हवी असेल तर गोधडी, गरम पाण्याची पिशवी आणि बाळाला छातीशी धरणं पुरेसं आहे.

*पाणी तोडणं.* "पाणी प्यायलं की पोट सुटतं" हे खरं नाही. पाणी कमी पडलं की लघवीला जळजळ, शौचाला त्रास, आणि टाक्यांवर ताण. तहान लागेल तेवढं पाणी द्या, आणि पाजायला बसताना तांब्या जवळ ठेवा.

*दारू पाजणं.* काही ठिकाणी अंग मोकळं व्हावं म्हणून मोहाची किंवा ब्रँडी देतात. ती दुधात उतरते. नको.

*आईचं औषध बाळाला चाटवणं.* काढा, गुटी, मध, वेखंड, यातलं काही नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पहिलं पिवळसर चिकही पाजायचंच, पिळून टाकायचं नाही.

४. हे दुखणं घरी थांबवून ठेवायचं नाही

आता पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कृपया दोनदा वाचा, आणि गटात मोठ्याने वाचा.

• तासाभरात पूर्ण पॅड किंवा कापडाची घडी भिजते, किंवा लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडतात. चक्कर येते, अंग गार पडतं.
• ताप १००.४ च्या वर, थंडी वाजते, ओटीपोट सतत दुखतं, अंगावरून जाण्याला घाण वास येतो.
• डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, बरगडीखाली दुखतं, चेहरा-हात सुजतात, झटके येतात. गरोदरपणात रक्तदाब ठीक होता तरीही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो. आपण "कानाला वारं लागलं" म्हणून फडकं बांधतो, आणि इथेच फसतो.
• एकाच पायाची पोटरी दुखते, सुजते, गरम लागते.
• छातीत दुखतं, धाप लागते.
• एका स्तनात लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप.
• लघवी होतच नाही, किंवा आग होते आणि पाठीत कळ मारते.
• टाक्यांतून पू येतो, टाके उसवतात, दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढतं.

यातलं एक जरी असेल तरी काढा नाही, शेक नाही, अंगारा नाही. सरळ दवाखाना. रक्तस्राव, झटके, धाप असेल तर १०८ ला फोन.

पायाविषयी थोडं जास्त सांगते, कारण ते आपल्या भागात घडलं आहे. एका गटातल्या ताईंच्या सुनेचं सिझर झालं होतं. अकराव्या-बाराव्या दिवशी तिचा डावा पाय सुजला. सासूबाईंनी निर्गुडीचा पाला बांधला, दोन्ही वेळा तेल लावून पोटरी चोळली. चौदाव्या दिवशी आशाताई ठरलेल्या भेटीला आल्या, त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि त्याच दुपारी गाडी बोलावली. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. अशी गाठ चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. सुनेला रक्त पातळ करणारं औषध काही महिने घ्यावं लागलं. आज ती बरी आहे, बाळही छान आहे.

त्या सासूबाई नंतर बैठकीत म्हणाल्या, "पाला मी मायेनंच बांधला. पण एका पायाची सूज वेगळी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." त्यांचं म्हणणं खरं आहे. चूक निर्गुडीची नव्हती आणि मायेचीही नव्हती. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. ती प्रत्येक सासूपर्यंत, प्रत्येक आईपर्यंत पोहोचवणं हे आपल्या गटांचं काम आहे.

५. बाई सांगत का नाही?

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, पण त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. त्याला आता बरीच वर्षं झाली, दवाखाने वाढले, पण सोसायची सवय पूर्ण गेलेली नाही.

बाळंतिणीची अडचण तर दुहेरी असते. अंगावरून जातं ते कुणाला दाखवायचं? सोयर आहे, खोलीत कुणी येत नाही. नवरा पुरुष, सासूची लाज, माहेर लांब. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर फडावरच सगळं, आणि आठ-दहा दिवसांत परत मोळी डोक्यावर. तिला कोणता लाडू पुरणार? खरं सांगायचं तर कंबरदुखीवर कोणत्याही पाल्यापेक्षा विश्रांती मोठी. सहा आठवडे जड ओझं नाही, विहिरीवरून हंडे नाहीत. सव्वा महिन्याची जुनी रीत इथे बाईच्या बाजूची आहे. ती पाळा, फक्त तिला अंधाऱ्या कोंदट खोलीत एकटी टाकू नका.

६. आपला हक्क आणि आपला गट

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. हे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. आशाताई बाळाचं वजन करतात तेव्हा आईनेही स्वतःचं दुखणं सांगायचं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ये-जा करायला वाहन मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा आणि ग्रामसंघात सांगा.

गाडीचा खर्च किंवा खासगी दवाखान्याची वेळ आलीच तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. अशा वेळी बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष आणि सचिव यांनी फोनवर बोलून पैसे द्यायचे आणि पुढच्या बैठकीत नोंद करायची, असा ठराव आधीच करून ठेवा. आपल्या प्रभागातल्या काही गटांनी तो केला आहे.

आणखी एक. काही गट बाळंतिणीसाठी डिंकाचे, अळिवाचे लाडू करून विकतात. छान व्यवसाय आहे. त्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी करा. पाकिटावर "पौष्टिक" लिहा, "दुखणं बरं करतो" असं लिहू नका. काढा किंवा चूर्ण विकायचं तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो. त्याशिवाय त्यात पडू नका.

बैठकीत करायचा अभ्यास (अर्धा तास)

१. गटातल्या सगळ्यात वयस्कर सदस्येला बाळंतिणीचे पाच उपाय सांगायला लावा. सचिव ताईंनी वहीत लिहावेत.
२. प्रत्येक उपायासमोर लिहा: बाहेरून की पोटात? सिझरला चालतो का? बाळाला काही धोका?
३. चौथ्या भागातल्या खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. जिच्या घरी गरोदर बाई आहे तिने तो कागद घरी न्यावा आणि बाजेजवळच्या भिंतीला लावावा. खाली आशाताईंचा नंबर आणि १०८ लिहा.
४. या घडीला आपल्या गटातल्या कोणत्या घरांत ओली बाळंतीण आहे? दोघी सदस्यांनी या आठवड्यात जाऊन यावं. बाळ बघाच, पण आधी आईला विचारा: "तुझं कुठं दुखतंय? अंगावरून किती जातंय? लघवी नीट होतेय ना?"

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. अळिवाचा लाडू न्या, आणि तो कागदही न्या.

– तुमची क्षेत्र समन्वयक